टाकाऊ तुकड्यांचे घर : हॅनोव्हरच्या एका चित्रकाराची कथा

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावरच्या मराठी घरांत आवराआवर सुरू होते. भिंतींना नवा रंग लागतो, पडदे धुतले जातात, कपाटावरचे आणि पलंगाखालचे सामान बाहेर ओढले जाते. मग अंगणात वस्तूंचा ढीग पडतो आणि घरातली वडील माणसे व तरुण माणसे यांच्यात तोच जुना वाद रंगतो. एक म्हणतो, "टाकून द्या, जागा मोकळी होईल." दुसरा म्हणतो, "राहू द्या, आजीची आठवण आहे." बहुतेक वेळा पहिला जिंकतो.

या आठवड्यात आम्ही आमच्या वाचकांना जर्मनीतील हॅनोव्हर या शहरी घेऊन जाणार आहोत. तिथे एक गृहस्थ राहत होते. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंपासून त्यांनी आपल्या घराला नवे रूप दिले, आणि ते काम जवळजवळ चौदा वर्षे चालू ठेवले. त्यांचे नाव कुर्ट श्विटर्स. ते चित्रकार होते, कवी होते आणि पोटापाण्यासाठी जाहिरातींचे व छपाईचे आरेखन करीत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर डिझायनर. त्यांच्या घराचे पुढे काय झाले ते वाचल्यावर आपल्या अंगणातल्या ढिगाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू, असे आम्हांला वाटते.

शहर हॅनोव्हर

हॅनोव्हर हे उत्तर जर्मनीतील व्यापारी शहर. आपण त्याचे नाव फारसे घेत नसलो तरी त्याचे आपल्यावर एक जुने ऋण आहे. ग्रामोफोनच्या चपट्या तबकडीचा शोध लावणारे एमिल बर्लिनर यांचा जन्म १८५१ साली याच शहरी झाला, आणि १८९८ साली तबकड्या बनवण्याचा कारखानाही इथे निघाला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मेणावर उमटवले गेले, तेव्हा ते मेण जहाजाने हॅनोव्हरला गेले आणि तबकड्या होऊन हिंदुस्थानात परत आले. त्या काळचे गवई गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत. दूरच्या कारखान्यातल्या माणसांना कोणाचे गाणे ते कळावे, हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात.

काही वाचक विचारतील की युरोपातले शहर म्हटल्यावर द्राक्षांचे मळे आणि वारुणीची चव घेत हिंडणे आलेच ना? तसे नाही. द्राक्षांचे मळे दक्षिणेकडे ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या काठी. हॅनोव्हर हे बिअरचे गाव. तिथल्या नेमबाजीच्या जत्रेत मात्र पिण्याची एक गमतीची रीत आहे. तिला 'ल्युत्ये लागे' म्हणतात. एकाच हातात दोन लहान पेले धरायचे, एकात बिअर, दुसऱ्यात धान्याची कडक दारू, आणि वरच्या पेल्यातली धार खालच्यात पडत पडत दोन्ही एकदम प्यायचे. नवख्याचा सदरा हमखास भिजतो. एरवी एकत्र न येणाऱ्या दोन गोष्टी एका घोटात जुळवण्याची ही खोड श्विटर्स यांच्या कलेतही उतरली होती, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

मोडलेली बाग

श्विटर्स यांचा जन्म २० जून १८८७ चा. आईवडिलांचे बायकांच्या तयार कपड्यांचे दुकान होते. पुढे दुकान विकून वडिलांनी भाड्याने देण्याची घरे घेतली, त्यामुळे कुटुंबाला खाऊनपिऊन सुख होते. मुलगा एकुलता एक आणि नाजूक प्रकृतीचा. शहराबाहेर एका खेड्यात त्याने स्वतःची लहानशी बाग केली होती. तिच्यात गुलाब होते, स्ट्रॉबेरी होत्या, हाताने रचलेली टेकडी आणि छोटे तळेही होते. १९०१ साली गावच्या पोरांनी ती बाग त्याच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त केली. त्या धक्क्याने त्याला झटके येऊ लागले आणि तो दोन वर्षे आजारी राहिला. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

वाचकहो, ही बाग ध्यानात ठेवावी. या माणसाच्या आयुष्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणार आहे.

ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकून ते घरी परतले. १९१५ साली त्यांचे हेल्माबाईंशी लग्न झाले. पहिला मुलगा १९१६ साली जन्मला आणि थोड्याच दिवसांत गेला. दुसरा मुलगा एर्न्स्ट नोव्हेंबर १९१८ मध्ये जन्मला, म्हणजे पहिले महायुद्ध संपले त्याच महिन्यात. युद्धाच्या अखेरीस श्विटर्स एका लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढीत होते.

युद्ध हरलेल्या जर्मनीत राजा गेला, पैशाची किंमत गेली, माणसांचा धीर गेला. श्विटर्स यांनी विचार केला की सगळेच मोडले आहे, तर त्या मोडक्या तुकड्यांतूनच नवे उभे करावे. मग रस्त्यावर पडलेली ट्रामची तिकिटे, चॉकलेटचे कागद, तुटकी चाके, तारा, चिंध्या, बटणे असे जे सापडेल ते उचलून ते फळीवर चिकटवू लागले आणि रंगाने सांधू लागले. एका चित्रात एका बँकेच्या जाहिरातीचा तुकडा होता. 'कोमेर्त्स', म्हणजे व्यापार, या शब्दाचे शेवटचे अक्षर-तुकडे तेवढे वाचता येत होते : 'मेर्त्स'. या शब्दाला कसलाच अर्थ नव्हता. म्हणूनच त्यांना तो आवडला आणि १९१९ पासून आपल्या सगळ्या कामाला त्यांनी तेच नाव दिले. त्याच वर्षी 'आना ब्लूमेला' ही त्यांची विनोदी प्रेमकविता गाजली. लोक हसले, चिडले, पण नाव घराघरांत पोचले.

पोटाचा धंदा

कवितेवर चूल पेटत नाही, हे जर्मनीतही खरेच. १९२४ साली श्विटर्स यांनी स्वतःची जाहिरात कचेरी काढली. त्यांच्या गिऱ्हाइकांत हॅनोव्हरचीच पेलिकन ही शाई, रंग आणि पेन बनवणारी जुनी कंपनी होती, आणि बालसेन हा बिस्किटांचा कारखानाही होता. ते 'मेर्त्स' नावाचे मासिक स्वतः काढीत. त्याचा अकरावा अंक त्यांनी जाहिरातीच्या छपाईलाच वाहिला आणि त्यात पेलिकनच्या जाहिराती मांडून दाखवल्या. त्यांचा आग्रह साधा होता. अक्षरांची नक्षी कमी करावी, कोऱ्या कागदाला मान द्यावा, आणि वाचणाऱ्याची नजर कुठून कुठे जाईल याचा आधी विचार करावा.

१९२९ साली हॅनोव्हर नगरपालिकेने त्यांना आपल्या छपाईचे काम दिले. पत्रांचे कागद, पाकिटे, नमुन्यांचे फॉर्म अशा रोजच्या कागदपत्रांना त्यांनी एकसारखे स्वच्छ रूप दिले. चित्रांमुळे ज्यांना लोक वेडा म्हणत, त्यांच्याच हातचा कागद घेऊन तेच लोक कचेरीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहत. हे काम १९३४ पर्यंत चालले.

त्यांचा आणखी एक उद्योग आपल्याला, दोन लिप्यांत वाढणाऱ्या माणसांना, विशेष जवळचा वाटेल. १९२७ साली त्यांनी नवीन अक्षरे आखली. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन यांच्या आकारात काही भेद दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी स्वर जाड आणि गोलसर केले, व्यंजने बारीक आणि कोनदार केली. डोळ्यांना दिसेल तसेच कानांना ऐकू यावे, ही इच्छा. आपल्या देवनागरीत व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी जोडून स्वर वेगळा दाखवण्याची सोय पिढ्यान् पिढ्या आहे. शनिवारच्या वर्गात वेलांटी कुठे द्यायची म्हणून जी मुले कुरकुरतात, त्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

घर वाढते, भिंती हलतात

आता मुख्य विषयाकडे येऊ. वाल्डहाउझेन रस्त्यावरील पाच क्रमांकाच्या घरात श्विटर्स यांचे आईवडील, ते स्वतः, हेल्माबाई, एर्न्स्ट आणि भाडेकरू राहत. १९२३ च्या सुमारास त्यांनी आपल्या कामाच्या खोलीत सापडलेल्या वस्तूंचे खांब उभारायला सुरुवात केली. एका खांबाच्या माथ्यावर त्यांनी, काही दिवसांचेच आयुष्य लाभलेल्या आपल्या पहिल्या बाळाचा प्लास्टरचा मुखवटा बसवला होता. ज्यांच्या घरी असे दुःख झाले आहे त्यांना यात वेडेपणा दिसणार नाही.

हळूहळू एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोऱ्या गेल्या, दोऱ्यांच्या जागी लाकडी पट्ट्या आल्या, पट्ट्यांवर प्लास्टर चढले. भिंतींतून कोन, कमानी आणि कपारी फुटू लागल्या. पुष्कळसा भाग त्यांनी पांढरा रंगवला. खोली भरली तेव्हा काम शेजारच्या खोलीत शिरले, सज्जात गेले, सज्जाखालच्या जागेतही गेले. याला ते 'मेर्त्सबाऊ' म्हणत. 'बाऊ' म्हणजे बांधकाम.

त्या कपारींना ते गुहा म्हणत. प्रत्येक गुहा एखाद्या मित्राची किंवा एखाद्या आठवणीची. त्यांचे मित्र हान्स रिश्टर यांनी लिहून ठेवले आहे की एका गुहेत त्यांच्या स्वतःच्या केसांची बट होती, तर मीस व्हान डेर रोहे या मोठ्या वास्तुशिल्पकाराची गुहा त्याच्या टेबलावरून उचललेल्या जाड पेन्सिलीची होती. एखाद्याने अर्धवट ओढलेली सिगारेटही तिथे मानाने बसे. मात्र नवीन थर चढला की जुनी गुहा आत झाकली जाई. रिश्टर काही वर्षांनी पुन्हा आले तेव्हा त्यांना जुन्या गुहा दिसल्या नाहीत. "आत खोल आहेत," असे उत्तर मिळाले. आपल्या देवघराच्या भिंतीवरही दर वर्षी एकावर एक रंग चढतो, आणि सर्वांत आतला रंग कोणाच्या हातचा, हे घरातल्या एखाद्यालाच ठाऊक असते. तसेच हे.

या घरात संध्याकाळी मंडळी जमत. श्विटर्स अर्थहीन ध्वनींची लांबलचक स्वररचना म्हणून दाखवीत. आधी हसणारे लोक शेवटी गंभीर होत. १९२७ साली हॅनोव्हरच्या नव्या चित्रकारांचे मंडळही याच घरात स्थापन झाले. पाहुण्यांचे चहापाणी, मुलाची शाळा, सासूसासऱ्यांचे पाहणे, भाड्याचा हिशेब आणि प्लास्टरची धूळ हे सगळे सांभाळणाऱ्या हेल्माबाईंचे नाव मात्र कलेच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरतेच येते. आमच्या मते त्या घराचा आणखी एक खांब त्या स्वतः होत्या.

ताटातूट

१९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. श्विटर्स यांच्यासारख्यांची कला नव्या राज्यकर्त्यांना सडकी वाटत होती. डिसेंबर १९३६ मध्ये एर्न्स्ट नॉर्वेला निघून गेला आणि जानेवारी १९३७ मध्ये वडीलही त्याच्या मागोमाग गेले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून जे प्रदर्शन थट्टेसाठी मांडले गेले, त्यात श्विटर्स यांची चित्रेही टांगली होती.

हेल्माबाई हॅनोव्हरलाच राहिल्या. घरात वडील माणसे होती, भाड्याची घरे होती आणि तो मेर्त्सबाऊही होता. कोणीतरी मागे राहणे भाग होते. समुद्र ओलांडून गेलेल्यांच्या कथा आपण पुष्कळ सांगतो. आपले पूर्वजही कोकणातून असेच निघाले. परंतु मागे राहून दिवा लावणाऱ्यांची कथा सहसा कोणी सांगत नाही.

श्विटर्स यांनी ओस्लोजवळ लिसाकर येथे दुसरे तसेच बांधकाम सुरू केले. १९४० साली जर्मन सैन्य नॉर्वेत शिरले, तेव्हा बापलेक बर्फ फोडणाऱ्या जहाजातून स्कॉटलंडला पोचले. जर्मन म्हणून इंग्रजांनी त्यांना पकडले आणि आयल ऑफ मॅन या बेटावर छावणीत ठेवले. तिथे रंग मिळेनात, तर या गृहस्थांनी उरलेल्या ओटच्या लापशीचे पुतळे बनवले! त्यांना बुरशी चढली आणि वास सुटला, असे बरोबरचे कैदी सांगत. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली.

८ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री हॅनोव्हरवर विमानांनी बॉम्ब टाकले आणि सकाळपर्यंत शहराचा मध्यभाग राख झाला. वाल्डहाउझेन रस्त्यावरचे ते घरही गेले, आणि त्याबरोबर चौदा वर्षांचे काम, सगळ्या गुहा आणि बाळाचा मुखवटा. पुढच्या वर्षी, २९ ऑक्टोबर १९४४ रोजी, हेल्माबाई कर्करोगाने वारल्या. नवरा परमुलखात होता. त्याला बातमी उशिरा कळली.

युद्धानंतर श्विटर्स उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात राहू लागले. मेर्त्सबाऊच्या कामासाठी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पैसे पाठवले. जुने घर तर उरले नव्हते. साठ वर्षांचा, आजारी माणूस. त्याने १९४७ साली एल्टरवॉटर या खेड्यात एका दगडी कोठारात तिसऱ्यांदा कामाला हात घातला. एकच भिंत काहीशी पुरी झाली. ८ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची वार्ता आदल्याच दिवशी आली होती.

नॉर्वेतले बांधकाम १९५१ साली खेळणाऱ्या मुलांच्या हातून आगीत जळाले. लहानपणीची बाग पोरांनी मोडली होती, आणि दुसरे घरही पोरांच्याच हातून गेले. इंग्लंडमधली भिंत मात्र १९६५ साली जपून हलवून न्यूकॅसलच्या हॅटन कलादालनात नेली, ती आजही तिथे आहे.

तीन छायाचित्रे

आता आमच्या या लेखाचे सार. हॅनोव्हरच्या मेर्त्सबाऊची एक ढलपीही उरली नाही, तरी आज आपण हॅनोव्हरला गेलो तर तो मेर्त्सबाऊ पाहू शकतो. कसा? १९३३ साली विल्हेल्म रेडेमान नावाच्या छायाचित्रकाराने मुख्य खोलीची तीन छायाचित्रे काढली होती. त्यावेळी त्यांचे मोल कोणाला वाटले असेल? पण पन्नास वर्षांनी, १९८१ ते १९८३ या काळात, पेटर बिसेगर या स्विस नेपथ्यकाराने त्या तीन चित्रांवरून मापे काढली, मुलगा एर्न्स्ट याच्या आठवणी विचारल्या, आणि खोली पुन्हा उभी केली. माश झे या तलावाच्या काठी असलेल्या श्प्रेंगेल संग्रहालयात ती आहे. संग्रहालयासमोरच्या चौकाला आता कुर्ट श्विटर्स यांचे नाव आहे, आणि १९७० साली त्यांच्या अस्थीही इंग्लंडहून आणून हॅनोव्हरच्या एंगेझोडे स्मशानभूमीत ठेवल्या आहेत. थडग्यावर त्यांचे एक आवडते वाक्य कोरले आहे. त्याचा अर्थ, कधी काय होईल सांगता येत नाही.

ही नवी खोली म्हणजे ते घर नव्हे, हेही खरे. छायाचित्रात जे दिसले तेवढेच उभे राहिले; आतल्या गुहांत काय काय होते ते कायमचे गेले. पण काहीच नसण्यापेक्षा हे किती मोठे!

आमच्या घरची वही

हे सगळे आम्ही का लिहिले? कारण आमच्याच घरात तसे घडले. १९६० सालच्या कॅरोल वादळानंतर आपल्या बेटावर पत्र्याची, म्हणजे तोलची, घरे जाऊन सिमेंटची घरे आली. ते योग्यच झाले; वादळात उडणाऱ्या छपराखाली मुलांना कोण ठेवील? आमचे तोलचे घर त्यानंतरही बरीच वर्षे मागच्या अंगणात उभे होते. शेवटी ते पाडले तेव्हा आत एक जुनी पेटी निघाली. पेटीत झाकरीच्या गाण्यांची हाताने लिहिलेली वही होती. पाने वाळवीने खाल्लेली, अक्षर आजोबांचे. "नंतर बघू," म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली आणि संध्याकाळी कोणीतरी कचऱ्याबरोबर ती पेटवून दिली. कोणाला दोष द्यावा? "ही वही ठेवा," असे आम्ही कोणाला सांगितलेच नव्हते. आज त्यातल्या दोन गाण्यांच्या चाली आम्हांला आठवतात, शब्द अर्धेच आठवतात.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदी आहेत : नाव, गाव, जहाज, क्रमांक, आणि काहींची छायाचित्रेही. सरकारने ती प्रेमाने काढलेली नव्हती, मजूर ओळखता यावा म्हणून काढली होती. तरीही आज कित्येक घरांत पणजोबांचा चेहरा म्हणून तेच एक चित्र भिंतीवर आहे. कागदाचे आयुष्य असे असते. काढणाऱ्याचा हेतू विसरला जातो आणि चित्र उरते.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. सगळेच जपून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केले तर माणसांना घरात राहायला जागा उरणार नाही. नवे घर जरूर बांधा, रंग जरूर लावा. पण जुने पाडण्याआधी तीन छायाचित्रे काढा : एक बाहेरून, एक स्वयंपाकघराचे आणि एक देवघराचे. पाटा-वरवंटा, ज्याला आपण सगळे रोस-कारी म्हणतो, तो चित्रात येऊ द्या. मागे नावे आणि साल लिहा, जमल्यास देवनागरीत. झाकरीची वही सापडली तर त्याच दिवशी तिची प्रत करून घ्या. "नंतर बघू" म्हणू नका. आणि घरातल्या ज्या आजी मागे राहून सगळे सांभाळत आल्या आहेत, त्यांना चित्राच्या मधोमध उभे करा.

यंदाच्या चतुर्थीच्या आवराआवरीत कोणाच्या घरी असे काही सापडले, तर या पानाला अवश्य कळवावे. आम्ही ते आनंदाने छापू.